आमच्या टेबलावरचं स्कॉटलंड

आमच्या घरची आमटी कुणालाच मनापासून आवडत नसे, आणि तरी ती रोज होत असे. आई पुण्याची. तिला आमटीत गूळ हवा, आमसूल हवं. वैशाली काकू कोल्हापूरची. आमटीत गूळ घालतात हे तिला लग्नानंतर कळलं आणि ते दुःख तिनं कधी लपवलं नाही. बाबा आणि प्रशांत काका, हे दोघे सख्खे भाऊ, नागपूरचे. ज्या रश्शानं कानशिलं गरम होत नाहीत तो रस्साच नव्हे, असं त्यांचं मत. या चौघांचं पातेलं मात्र एकच. मग मला कळायला लागायच्या आधीच कधीतरी दोघी जावांनी मिळून एक आमटी शोधून काढली होती. गूळ नावापुरता, चटणी नावापुरती, आणि वरून भरपूर कोथिंबीर. आम्ही तिला तडजोडीची आमटी म्हणायचो. मी आणि माझी चुलत बहीण ओवी त्याच आमटीवर वाढलो. आता या वयात डॉक्टरनं तिखटही बंद केलंय आणि गोडही, त्यामुळे मी रोज जे खाते ते जवळजवळ तेच आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते अजूनही आवडत नाही.

घर अमेरिकेत, ट्रॉय नावाच्या गावात होतं. काका नवीन लग्न करून, दोन बॅगा घेऊन आला तो 'अपार्टमेंट मिळेपर्यंत' म्हणून. बेसमेंटमध्ये गादी टाकली. अपार्टमेंट मिळालं नाही असं नव्हे; पण मिळालं तोवर माझा जन्म झाला होता, आईला नोकरीवर परत जायचं होतं, आणि काकूला तिच्या व्हिसावर काम करायची मुभा नव्हती. मी काकूच्या कडेवर गेले आणि अपार्टमेंट राहिलं. मग काकाची नोकरी गेली. "आता कुठं जातो?" बाबा म्हणाले. मग काकाची नोकरी आली आणि बाबांची डळमळली, तेव्हा काका म्हणाला, "दादा, आता कसा जाऊ?" मग ओवी झाली. दर वेळी काहीतरी निमित्त होत गेलं आणि बेसमेंटला कार्पेट आलं, बाथरूम आलं, देव्हारा आला. आपण एकत्र राहू या असं कुणी कधी बसून ठरवलंच नव्हतं. लोक कौतुक करायचे, "अमेरिकेत एकत्र कुटुंब! कमाल आहे हो तुमची." आई म्हणायची, "भांड्याला भांडं लागतंच, पण आमच्याकडं निदान डिशवॉशर आहे."

सकाळ म्हणजे नुसता गलबला. दोन कुकर जणू पैज लावून शिट्ट्या मारत. आई सॉफ्टवेअरवाली, एका कानात मीटिंग घालून पोळ्या लाटायची आणि मध्येच तवा सोडून 'कॅन यू सी माय स्क्रीन' म्हणायची. काका गॅरेजमध्ये गाडी गरम करत बसायचा. काकू माझी वेणी घालता घालता ओवीला उठवायची, आणि ओवी इंग्रजीतून सांगायची की तिचं पोट दुखतंय. पुढं काकूला कामाचं परमिट मिळालं, ती एका डेंटिस्टच्या ऑफिसात जायला लागली, तरी माझी वेणी सुटली नाही. मी हायस्कूलला गेले तरी वेणी तीच घालायची. मला ती आई वाटायची का? नाही. आई आईच होती. पण ताप आला की मी जिना उतरून खाली जायचे, वर नाही.

आणि बाबांचा एक विषय होता, तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. वेगळा विदर्भ. बाबा अमेरिकेत आले, इथं त्यांचे केस गेले, गुडघे गेले, पण विदर्भ काही गेला नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या दिवाळीच्या पोटलकमध्ये, हातात कागदी प्लेट घेऊन रांगेत उभे असताना कुणीतरी मुद्दाम काडी टाकायचंच, "काय मग, मिळाला का विदर्भ?" की झालं. "आता विदर्भ एक्सप्रेस सुटली," आई म्हणायची आणि ओवीला घेऊन दुसऱ्या टेबलावर जायची. बाबा सांगायचे, "लहान घर केलं म्हणून नातं तुटत नाही ना बाप्पा. ज्याले आपला कारभार आपण करायचा आहे त्याले करू द्या. मोठ्यानं मोठ्यासारखं वागावं, हातानं दार उघडून द्यावं." समोसे गार व्हायचे. मला ते भाषण स्वल्पविरामांसकट पाठ होतं.

तर त्या हिवाळ्यात, मी सोळाची असेन, आमच्या समाजशास्त्राच्या बाईंनी वर्गाला एक काम दिलं. प्रत्येकाला जगातला एक तंटा वाटून दिला. माझ्या वाट्याला स्कॉटलंड आलं. तीनशेहून जास्त वर्षं इंग्लंडबरोबर एका संसारात असलेला हा छोटा देश वेगळं व्हायचं म्हणत होता. एकदा मतदान होऊन 'नको' असं आलं होतं, तरी मागणी मिटली नव्हती. बाई म्हणाल्या, समजा पुढच्या वेळी 'हो' आलं. मग काय? जायचं म्हणणं सोपं, जाणं कसं असतं ते सांग. चलन कुणाचं, सीमेवर काय, सैन्य कुणाचं, ज्यांना जायचं नाही त्यांचं काय? लहान देशाकडून बोलायचं आणि शेवटी एक तह लिहायचा. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा असा उजळला की जणू विदर्भाची फाइलच कुणीतरी वॉशिंग्टनला मागवलीय. "बसव सगळ्यांना," ते म्हणाले. "तालीम करू."

रविवार होता. रात्रभर पडून बर्फ थांबला होता आणि बाबांनी सकाळीच गॅरेजपुढचा ड्राइव्हवे साफ करून टाकला होता. जेवणं होऊन टेबल नुसतंच पुसलेलं. मी विचारलं, "मोठ्या देशाकडून कोण?" सगळ्यांनी आईकडं पाहिलं.

"बरं आहे," आई म्हणाली. "म्हणजे वाईटपणा माझ्याकडं." पण चष्मा लावून, खुर्ची पुढं ओढून बसली. लहान देश व्हायला बाबा शड्डू ठोकून तयार होते, पण मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तिसऱ्या वाक्याला अमरावतीला पोचाल. काकू, तू बोल."

"मला काय कळतंय त्यातलं?" काकू ओट्यापाशी होती. म्हणाली खरं, पण फडकं खांद्यावर टाकून आलीच. बाबा तिचे वकील झाले. काका भुईमुगाच्या शेंगांचा वाडगा घेऊन मध्ये बसला. तो कुठल्याच बाजूनं नव्हता. ओवीनं विचारलं, "व्हॉट अ‍ॅम आय?" मी तिला सांगितलं की स्कॉटलंडच्याही वर, समुद्रात, छोटी छोटी बेटं आहेत, आणि तिथले काही लोक म्हणतात, तुम्ही जाणार असाल तर आमचं आम्ही ठरवू. तिला हे फार आवडलं. ती टेबलाखाली जाऊन बसली आणि म्हणाली, हा समुद्र.

"चलन," मी पहिला मुद्दा वाचला.

"आमच्यातून निघायचं आणि नाणं आमचंच वापरायचं?" आई म्हणाली. "ही कुठली तऱ्हा? मग निघताच कशाला?"

"वैशाली, सांग त्यांना," बाबा कुजबुजले. बाबांचं कुजबुजणं शेजारच्या घरात ऐकू जायचं. "नाणं काय एकट्याचं आहे का?"

"नाणं दोघांनी मिळून मोठं केलंय की ताई," काकू म्हणाली. "इतकी वर्षं आम्ही काय पाहुणे म्हणून राहिलोय व्हय?"

आम्ही हसलो. बाबांनी टेबलावर थाप मारली. काकालाही हसू आलं, पण तो शेंगांकडं बघून हसला.

"बरं, सीमा," मी म्हटलं.

"कुंपण घालणार का?" आई आता रंगात आली होती. "माझ्या माणसांनी तुझ्याकडं यायचं तर शिक्के मारून घ्यायचे?"

"कुंपण कशाला? दार असू दे. नुसतं लोटलेलं." काकू जरा थांबली. "पण येताना वाजवून यायचं."

"वाजवून?"

"हां. टकटक करायचं. आतल्या माणसाला जरा सवड मिळते."

आमच्या बेसमेंटच्या जिन्याला दार नव्हतं. वॉशर-ड्रायर खाली होते, त्यामुळे घरातलं प्रत्येक माणूस कपड्यांची बास्केट काखोटीला मारून कधीही खाली उतरायचं. मला हे त्या क्षणी सुचलं नाही. आईला सुचलं असावं, कारण ती पुढचं वाक्य विसरली. मी आपली उत्साहात पुढचा कागद घेतला. शेवटचा प्रश्न बाईंनी गंमत म्हणून घातला होता: स्वतंत्र झाल्याच्या पहिल्या दिवशी तुमचा देश काय करील?

"पहिल्या दिवशी?" काकू म्हणाली, आणि तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. "पहिल्या दिवशी सकाळी मी ओट्यासमोरची खिडकी उघडणार. थंडी असली तरी. समोर ते मेपल आहे, त्याच्याकडं बघत निवांत उभी राहणार, कुणाचा डबा भरायची घाई नाही. मग डाव्या हाताच्या कपाटात सगळे डबे लावणार. कप्पे खोल आहेत तिथं, तांदळाचा मोठा डबा आरामात बसतोय. आणि मग..."

"कुठलं मेपल?" आईनं विचारलं.

आमच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या गॅरेजची भिंत दिसायची. तांदळाचा डबा कुठल्याच कपाटात मावत नसे म्हणून तो कायम कोपऱ्यात जमिनीवर. काकूनं काकाकडं पाहिलं. काका शेंगेचं टरफल बोटांनी बारीक बारीक करत राहिला.

"ताई, सांगणारच होतो," काकू म्हणाली. "रोज ठरवत होतो."

"लाँग लेक रोडच्या पलीकडं आहे, वहिनी," काका म्हणाला. "घर. दोनदा बघून आलो. विकत घेतोय. ऑफर अ‍ॅक्सेप्ट झालीये."

मराठी घरात काय काय बोलता येतं! कुणाच्या पोटाच्या तक्रारी, कुणाच्या लग्नाचं जमत नाही ते, कुणाला किती मार्क. पण 'आम्हाला वेगळं व्हायचंय' हे वाक्य काढायला जीभच रेटत नाही. ते म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात चूल, भिंत, कोर्टकचेरी सगळं एकदम वाजतं. म्हणून ही दोघं महिनोन्‌महिने गप्प राहिली होती, आणि शेवटी ते निसटलं कशातून, तर माझ्या गृहपाठातून.

मला वाटलं, बाबा तरी खूश होतील. जन्मभर ज्याची वकिली केली ते घरातच उगवलं होतं. बाबांनी काकाकडं पाहिलं. "काहून?" ते म्हणाले.

"दादा..."

"काय कमी पडलं तुले इथं?"

"काही नाही पडलं."

"कोणी काही बोललं?"

"नाही रे."

"मग काहून जाऊन राहिला?"

टेबलाखालून ओवी म्हणाली, "आय अ‍ॅम नॉट गोइंग." बाबा उठले, जॅकेट चढवलं, फावडं घेतलं आणि सकाळीच साफ केलेला ड्राइव्हवे पुन्हा साफ करायला लागले. खालच्या नुसत्या सिमेंटवर फावडं खरवडल्याचा आवाज आम्ही सगळे आत बसून ऐकत होतो.

पुढं मी त्या देशांविषयी बरंच वाचलं. चलन, समुद्रातलं तेल, नौदलाच्या पाणबुड्या, पासपोर्ट, सगळ्याला काही ना काही तोड निघते, निदान कागदावर तरी. पण मोठा देश दुखावल्या तोंडानं विचारतो, आम्ही तुमचं काय वाईट केलं? आणि लहान देशाला खरं उत्तर द्यायचं असतं: काहीच नाही. हे उत्तर कोण मानणार? छळ झाला असता तर सोपं होतं. आमच्या घरात तर छळ सोडाच, शेवटची पुरणपोळी कुणी खायची यावरून एकमेकींना आग्रह करण्यात ती शिळी व्हायची.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी सगळे सभ्य झाले. बाबा काकाला 'थँक यू' म्हणायला लागले, ते ऐकून अंगावर काटा यायचा. आई खाली कपडे घेऊन जाताना जिन्याच्या भिंतीवर टकटक करायला लागली, आणि पहिल्यांदा ती टकटक ऐकून काकू बाथरूममध्ये जाऊन रडली. आमटीचं तर विचारूच नका. आई मुकाट्यानं चटणी वाढवत होती, काकू तिचा स्वयंपाक असला की गूळ. घास तोंडात घेतला की कळायचं, आज कोण कुणाची समजूत काढतंय.

आणि दोघीही माझ्याकडं यायला लागल्या. स्कॉटलंडची चौकशी करायला. आई माझ्या पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली. "तुझ्या त्या स्कॉटलंडचं कसं चाललंय?" तिनं विचारलं.

"चाललंय."

"मला एक सांग, रेवा. एकदा वेगळे झाले की मोठ्या देशाला विसरतात का गं?"

"आई, सीमेला सीमा लागून आहे. विसरतील कसे?"

"तसं नव्हे. सणावाराला वगैरे म्हणत्ये मी."

मी म्हटलं, तहात तसं कलम घालता येईल. "घाल," आई म्हणाली, आणि बाबांच्या मोज्यांची जोडी चुकीची लावून निघून गेली.

काकू माझ्या केसांना तेल लावताना बोलायची. "त्या मोठ्या देशानं राग धरला तर लहान देशानं काय करायचं असतंय?"

"जाणं कॅन्सल करायचं?" मी आशेनं विचारलं. मला काय, तिनं जाऊच नये असं वाटत होतं.

तिचे हात थांबले. "नाही. कॅन्सल नाही करायचं," ती म्हणाली. मग हळूच, "रेवा, मला घर पण पाहिजे आणि ताई पण पाहिजेत. असा कुठला देश आहे का बघ की तुझ्या पुस्तकात."

मी मागं वळून तिच्याकडं पाहिलं. ती चाळिशीच्या घरात आली होती आणि तिला उभ्या आयुष्यात स्वतःचा म्हणून एक ओटा मिळाला नव्हता. आधी आईचा, मग सासूचा, मग जावेचा. मला इतकं भरून आलं की मी तिच्या कमरेला मिठी मारली आणि तिच्या कमीजला सगळं तेल लागलं. तसा देश मी पुस्तकात शोधला, सापडला नाही. मग म्हटलं, आपणच लिहू.

सगळ्यात अवघड बाबा. ते रिक्लायनरमध्ये डोळे मिटून पडले होते. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, माझं भाषण ऐका." आणि सुरू केलं. लहान घर केलं म्हणून नातं तुटत नाही. ज्याला आपला कारभार आपण करायचा आहे त्याला करू द्यावा. मोठ्यानं मोठ्यासारखं वागावं, हातानं दार उघडून द्यावं.

बाबांनी डोळे उघडले. "हे कोणाचं आहे?"

"तुमचंच."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. पुढचं तिनं म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

बाबा म्हणाले, "विदर्भ कुठं जाणार होता बेटा? वेगळा झाला तरी तिथंच राहणार होता, नकाशावर. प्रशांत खरंच जाऊन राहिला ना." आणि बाबा रडायला लागले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. काका पाचवीत असताना त्यांचे वडील गेले, आणि तेव्हापासून बाबाच त्याचे वडील झाले होते, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि समोर दिसणं वेगळं.

"बाबा, तोही नकाशावरच राहणार आहे," मी म्हटलं. "ट्रॉयमध्येच. लाँग लेक ओलांडला की घर."

"पायी जाता येते?"

"येतं. फुटपाथ आहे."

"बर्फात?"

"बर्फात नाही."

"मग बर्फाचं काय करणार हा?" बाबा उठून बसले. "याले तर स्नोब्लोअरची दोरी ओढता येत नाही धड. प्रशांत! वर ये जरा."

झालं. त्या एका यंत्रावरून आमच्या घरची बोलणी सुरू झाली. सगळे पुन्हा टेबलाभोवती बसले, आणि या वेळी स्कॉटलंडचं सोंग कुणीच केलं नाही. स्नोब्लोअर बाबांकडेच राहील आणि दोन्ही ड्राइव्हवेंचं बर्फखातं तहहयात त्यांच्याकडेच राहील, यावर बाबा अडून बसले. काकानं दोनदा 'अरे पण' म्हटलं आणि सोडून दिलं. गणपती आईकडं, नवरात्र काकूकडं. दोन्ही घरांच्या किल्ल्या दोन्हीकडं, पण फोन केल्याशिवाय जायचं नाही, हे आईनं स्वतःहून सांगितलं आणि सांगताना काकूकडं पाहिलं नाही. राहिली बेटं. ओवीनं टेबलावर चढून जाहीर केलं की शुक्रवारी रात्री ती माझ्या खोलीत झोपणार, फॉरएव्हर, आणि कुणी वाद घालायचा नाही. काकू म्हणाली, "हिला कुणी शिकवलं हे?" सगळ्यांनी बाबांकडं पाहिलं.

शाळेत माझा तह मी वाचला. बाई म्हणाल्या, लिहिलंय छान, पण तेलाचा मुद्दा फारच घाईत उरकलास. आणि हे बर्फाचं कलम कशासाठी? मी म्हटलं, ते फार महत्त्वाचं आहे. त्यांनी बी प्लस दिला. परवा माझ्या नातीनं विचारलं, मग त्या खऱ्या स्कॉटलंडचं पुढं काय झालं? मी म्हटलं, बाई गं, तुझ्या हातात फोन आहे, तू बघ. मला जेवढं ठाऊक आहे तेवढं मी सांगत्ये.

बर्फ वितळल्यावर एका शनिवारी सामान गेलं. मंडळातले चौघे-पाच जण आले, एकाचा पिकअप ट्रक, आईनं सगळ्यांना पोहे केले. बाबांनी इतक्या सूचना दिल्या की काकूचा मिक्सर एका गाडीत आणि त्याची भांडी दुसऱ्या गाडीत गेली. मी रडणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मी रडले नाही. ट्रकच्या मागच्या फळीवर काकू ओवीला मांडीत घेऊन बसली होती, वाऱ्यानं केस विस्कटलेले, आणि ती अशी हसत होती की रडायचं मला सुचलंच नाही.

मग पंधरवड्यानं काकूचा फोन आला. आमच्या घरात रोज सतरा फोन व्हायचे, पण हा आईला, संध्याकाळी, रीतसर. "ताई, रविवारी सगळे जेवायला या." आई फोन ठेवून तशीच उभी राहिली. रविवारी तिनं साडी नेसली. कोपऱ्यावरच्या घरी जायला साडी! खण, नारळ, तांदूळ असं ओटीचं सामान पिशवीत घातलं, काढलं, पुन्हा घातलं. "काय न्यावं गं तिच्याकडं?" मला विचारत होती. काकूकडं काय न्यावं हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदा पडला होता.

ओवीनं आम्हाला खिडकीतून पाहिलं होतं, बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. बाबा आत शिरले ते सवयीनं सरळ फ्रिजकडं गेले. ओवी आडवी झाली. "मोठे काका, यू हॅव टू आस्क." बाबा म्हणाले, "मॅडम, पाणी मिळेल का?" तिनं विचार केला आणि ग्लास भरून दिला. आतून मसाल्याचा असा वास येत होता की नाकात झिणझिण्या आल्या. काका उगाचच भिंतीवरची चित्रं सरळ करत होता.

आई हॉलमध्ये उभी होती. तिचे पाय आपोआप ओट्याकडं वळले, दोन पावलं गेलीही. मग ती थांबली, मागं फिरली आणि सोफ्यावर बसली. पार कडेला. एखाद्या घरी जाऊन नुसतं बसायचं असतं तेव्हा हातांचं काय करतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. काकू बाहेर आली. नवी कोरी साडी, कपाळावर घाम. आमच्याकडं बघून तिनं आधी पदर नीट केला.

"ताई," ती म्हणाली, "चहात साखर किती घालू?"

माझ्या जन्माच्या आधीपासून रोज सकाळी आईचा चहा काकूच करत आली होती. डोळे मिटूनसुद्धा तिच्या हातून साखरेचा एक कण कमीजास्त झाला नसता. आईनं वर पाहिलं. काकूची नजर तिच्यावरच होती, आणि ती उत्तराची खरोखर वाट बघत होती.

"एक चमचा," आई म्हणाली. "आणि आलं असेल घरात, तर जरासं किसून."

"आहे की," काकू म्हणाली, आणि आत गेली.

आत कप वाजले. गॅस लागल्याचा आवाज झाला. काहीतरी खाली पडलं, बहुतेक गाळणं, आणि काकू स्वतःशीच हसली. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात मांडीवर ठेवून, पाठ सरळ करून ती बसून होती, आणि चहा येईपर्यंत एकदाही उठली नाही.